मंथरा दिसली, खुज्जुत्तरा दिसली नाही

(शाहूवाडी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसांपुढे दूरचित्रवाणीची आणि अपंगांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मघाशी मला विचारलाच. त्यांचे म्हणणे असे की, आपले प्रश्न जातीचे आहेत, जमिनीचे आहेत, पोराबाळांच्या नोकरीचे आहेत. टीव्हीवर कोणाला लंगडा दाखविला नि कोणाला आंधळा दाखविला, याने आपले काय बिघडले? प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर मला सरळच दिले पाहिजे.

प्रथम एक आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लक्ष माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. लोकसंख्येशी हे प्रमाण शेकडा २.२१ पडते. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या २९ लक्षांवर होती. परंतु त्याच जनगणनेत अनुसूचित जातींमधील प्रमाण शेकडा २.४५ निघाले, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक. असे का व्हावे? ज्या घरात गरोदर बाईला पोटभर अन्न मिळत नाही, ज्या घरातला कर्ता पुरुष गटारात उतरतो, खडी फोडतो, वीटभट्टीवर राबतो, ज्या वस्तीपासून दवाखाना कोसभर दूर असतो, त्या घरात अपंगत्व अधिक येणार. त्यात दैवाचा काडीचा संबंध नाही. तेव्हा हा प्रश्न आपल्या वस्तीच्या वेशीबाहेरचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलीच घरे पुन्हा एकदा मोजावीत.

आणि घरे मोजताना माणसेही मोजावीत. कारण अपंग माणूस मोजण्यातून सुटतो, हा माझा व्यवसायातील अनुभव आहे. जमिनीच्या वाटपाचे दावे माझ्याकडे येतात. पक्षकार वंशावळ लिहून आणतो. तीन भाऊ, दोन बहिणी, सारे व्यवस्थित मांडलेले असते. साक्षीच्या वेळी उलटतपासणीत कळते की, आणखी एक भाऊ होता. होता नव्हे, आहे. तो जन्मापासून बहिरा-मुका, म्हणून त्याचे नाव लिहिलेले नाही. लबाडी म्हणून वगळले असते तर मी समजू शकलो असतो. पण पुष्कळदा लबाडीही नसते. त्याचे नाव लिहायचे असते, हेच कोणाच्या ध्यानात आलेले नसते.

ही विसरण्याची सवय आली कोठून? आपण ज्या ग्रंथाला २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला अग्नी दिला, त्या मनुस्मृतीचा नववा अध्याय काढून पाहा. वारसाहक्कातून कोणाला वगळावे याची यादी तेथे दिली आहे. तीत जन्मांध आहे, बहिरा आहे, मुका आहे, वेडा आहे, मतिमंद आहे, इंद्रियहीन आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, अशी ती व्यवस्था. अन्नवस्त्र द्यावे पण वाटा देऊ नये! बंधूंनो, ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? भाकरतुकडा द्यावा पण विहिरीवर येऊ देऊ नये, याच वहीतले हे दुसरे पान आहे. पुढे अकराव्या अध्यायात तर कारणेच दिली आहेत: घोडा चोरणारा लंगडा होतो, कपडे चोरणाऱ्याला कोड येते, पूर्वीच्या पापाचा जो अंश शिल्लक राहतो त्यातून मुके, आंधळे, बहिरे जन्माला येतात आणि सज्जन त्यांची निर्भर्त्सना करतात. याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात व्यंग असलेल्या माणसाला हिणवू नये असेही सांगितले आहे. वकील या नात्याने ते सांगणे माझे कर्तव्य आहे. पण ज्याला वाटा नाकारला आणि पापी ठरविले, त्याला हिणवू नका म्हणून सांगण्यात दया असेल, न्याय नाही.

कायद्याला हे निस्तरायला बराच काळ लागला. १९२८ साली हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम आला, त्याने बहुतेक व्यंगांची अपात्रता काढली. पण जन्मतः वेडा वा जड असणारा तसाच बाहेर राहिला. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाच्या २८ व्या कलमाने मात्र रोग, दोष वा व्यंग यांच्या कारणाने कोणालाही वारसाहक्क नाकारता येणार नाही, असे साफ सांगून टाकले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्या झगड्याच्या पोटातूनच पुढे हे कायदे निघाले. हा अधिनियम बौद्धांनाही लागू आहे. म्हणून तुमच्या घरातील बहिऱ्या बहिणीचा, अंध भावाचा हिस्सा हा उपकार नाही. तो कायद्याने ठरलेला वाटा आहे.

कायदा बदलला, पण मन? मन बदलण्याचे काम न्यायालय करीत नाही. ते काम पूर्वी कीर्तन करीत असे, तमाशा करीत असे. आपल्या चळवळीने हे फार लवकर ओळखले. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साज घेतला, तीच ढोलकी घेतली, आणि आत जातिनाशाचा विचार भरला. आंबेडकरी जलशाने खेड्यापाड्यांत जे पोहोचविले, ते शंभर लेखांना पोहोचविता आले नसते. आज त्या जलशाची जागा घरातल्या पडद्याने घेतली आहे. आणि त्याचे सामर्थ्य आपल्याला ठाऊक नाही असे नाही. २०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या वेळेला कामे आटोपून टीव्हीपुढे बसलेली घरे मी पाहिली आहेत. शाळेच्या पुस्तकात एका पानात उरकलेले चरित्र पोरांनी महिनोन्‌महिने पाहिले. जो पडदा इतके चांगले करू शकतो, तो तितकेच वाईटही करू शकतो.

आता १९८७ साल आठवा. रविवारची सकाळ, दूरदर्शनवर रामानंद सागरांचे रामायण, आणि रस्ते ओस. (त्याच सुमारास बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून महाराष्ट्रात वादळ उठले होते, हा योगायोगही विसरू नये.) त्या मालिकेत राजवाड्यातील सारे अरिष्ट कोणापासून सुरू होते? कुबड असलेल्या एका दासीपासून. मंथरेचे शरीर वाकडे, म्हणून तिचे मनही वाकडे. पाहणाऱ्या पोराला याहून निराळा अर्थ लागणे शक्यच नव्हते. त्यापाठोपाठ १९८८ पासून बी. आर. चोप्रांचे महाभारत आले. त्यातला शकुनी लंगडत चालतो. मूळ महाभारतात शकुनी लंगडा असल्याचे सांगितलेले नाही. मग पडद्यावर तो लंगडा का झाला? दुष्ट माणूस एका नजरेत ओळखू यावा, म्हणून. ओळख पटविण्यासाठी कोणाच्या शरीरावर खूण करण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या पूर्वजांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकविण्यात हाच हेतू होता.

मंथरेची भूमिका करणाऱ्या नटीची हकीकत या संदर्भात फार विचार करण्यासारखी आहे. ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. ज्या येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याच गावी त्यांचा जन्म झाला. चित्रपटांत त्या नायिका होत्या. १९४२ साली एका प्रसंगाचे चित्रीकरण चालू असता सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्यावर अर्धांगाचा परिणाम झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. बरे होऊन त्या परत आल्या, तेव्हा नायिकेची जागा संपली होती. पुढे आयुष्यभर त्यांच्या वाट्याला मुख्यतः खाष्ट सासू आणि कारस्थानी बाई आली. अभिनय तोच, बुद्धी तीच, बाईही तीच. एक डोळा बारीक झाला आणि प्रेक्षकांच्या लेखी ती दुष्ट झाली. 'अनाडी' चित्रपटातील प्रेमळ घरमालकिणीच्या भूमिकेला त्यांना पारितोषिक मिळाले, हे खरे आहे. म्हणजे संधी दिल्यावर त्यांनी काय करून दाखविले हेही दिसते. पण ती संधी अपवाद होती. दोष त्या डोळ्याचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा होता. आणि अखेर वार्धक्यात दूरचित्रवाणीने त्यांच्यासाठी कोणती भूमिका राखून ठेवली? मंथरेची.

आता मी आपल्याला दुसऱ्या एका राजवाड्यात घेऊन जातो. कोसंबी नगरी, उदेन राजाची राणी सामावती, आणि तिची एक दासी. तिलाही कुबड होते, म्हणून तिचे नावच पडले खुज्जुत्तरा, म्हणजे कुबडी उत्तरा. राणी तिला रोज फुलांसाठी आठ नाणी देत असे. ती चारांची फुले आणी आणि चार स्वतःपाशी ठेवी. एके दिवशी सुमन नावाच्या माळ्याकडे भगवान बुद्ध आले असता तिने त्यांचा उपदेश ऐकला. त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले नेली. राणीने विचारले, आज फुले इतकी कशी? तेव्हा तिने आजवरची चोरी स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि कशाने मन पालटले तेही सांगितले. राणीने तिला शिक्षा केली नाही. तिला उच्चासनावर बसविले आणि स्वतः इतर स्त्रियांसह खाली बसून तिच्याकडून धम्म ऐकला. पुढे ती रोज जाऊन उपदेश ऐकून येई आणि अंतःपुरात शिकवी. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. 'इतिवुत्तक' हा पाली ग्रंथ तिच्या स्मरणातून उतरला, अशी परंपरा आहे.

दोन राजवाडे, दोन दासी, दोघींना कुबड. एका परंपरेने तिला कारस्थानी केले, दुसऱ्या परंपरेने तिला आचार्य केले. पहिलीला सारा देश चेहऱ्याने ओळखतो. दुसरीचे नाव या सभेत किती जणांनी पूर्वी ऐकले होते, हे मी हात वर करावयास सांगून विचारीत नाही. मला उत्तर ठाऊक आहे. दूरचित्रवाणीने ती दाखविली नाही, ही तक्रार आपण जरूर करू. पण आपल्या विहारांतून तरी तिची गोष्ट कितीशी सांगितली जाते?

येथे मला एक अडचणीची गोष्ट बोलली पाहिजे. अट्ठकथाकारांनी खुज्जुत्तरेच्या कुबडाचे कारण दिले आहे. मागच्या जन्मी तिने एका कुबड्या सत्पुरुषाची नक्कल केली होती, असे ते सांगतात. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. ते अंध भिक्षू होते आणि अर्हत होते. त्यांच्या पायाखाली किडे मेले, तेव्हा हेतू नव्हता म्हणून दोष नाही, असा निर्णय तथागतांनी दिला. फौजदारी कायदा शिकविताना आम्हांला हेतूवाचून गुन्हा नाही हे तत्त्व मोठ्या थाटात सांगण्यात आले. ते या कथेत आधीच आहे. परंतु त्याच कथेच्या उत्तरार्धात त्यांच्या अंधत्वाला पूर्वजन्मीचे पाप जोडलेले आहे. विनयपिटकातही काही व्यंगे असणाऱ्यांना प्रव्रज्या देऊ नये, असे नियम आहेत. आपले टीकाकार ही पाने आपल्यापुढे धरतील. त्यांनी धरण्यापूर्वी आपण स्वतः वाचलेली बरी.

त्यावर उत्तर काय? उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी कर्मसिद्धान्ताची स्वतंत्र चिकित्सा केली. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना बुद्धाची असू शकत नाही, आणि दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी शासनाने व समाजाने झटकून टाकावी, एवढाच तिचा उपयोग आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. बुद्धवचन कोणते याची कसोटीही त्यांनी दिली: जे बुद्धीला पटते आणि ज्यात मनुष्याचे हित आहे ते. या कसोटीवर चक्खुपालाच्या कथेचा पूर्वार्ध उतरतो, उत्तरार्ध उतरत नाही. मग तो सोडून द्यावा.

हे पांडित्य मी उगाच केले नाही. धम्मदीक्षा घेतल्यावर देव्हारा काढला, नवस सोडले, जत्रेचा बकरा बंद केला. फार उत्तम झाले. पण घरात मूल अपंग जन्माला आले की, शेजारीण म्हणते, "कुणाचं तरी भोवलं बाई." आणि दीक्षा घेतलेली आई मान हलविते! देव्हारा गेला, पण ज्या विचारावर तो उभा होता तो भिंतीत तसाच राहिला. आणि त्या विचाराला रोज संध्याकाळी खतपाणी कोण घालतो? मालिकेत सुनेची दृष्टी जाते, ती नवस करते, शेवटच्या भागात ज्योत हालते आणि दृष्टी परत येते. आंबा घाटाकडच्या किंवा विशाळगडाकडच्या एखाद्या वाडीत, शाळेला चढउतार जमत नाही म्हणून दिवसभर घरात बसलेली मुलगी हे पाहत असते. घरातल्या कोणाहीपेक्षा टीव्हीची सोबत तिला अधिक. तिची दृष्टी परत येणार नसते. ती काय समजते? आपली भक्ती कमी पडली, असे समजते.

पडद्यावर अपंग माणसाचे जे प्रकार दिसतात, त्यांत दुष्ट आणि नवसाने बरा होणारा यांखेरीज तिसरा प्रकार हसण्यासाठी असतो. बोबडा, तोतरा, चकणा, बहिरा. बहिऱ्याला एक विचारायचे, त्याने भलतेच ऐकायचे, आणि मागून हशाची ध्वनिमुद्रिका. चौथा प्रकार दयेचा. त्यावर मी वेळ घालवीत नाही, आपल्या पिढ्यांनी दया पुरेशी खाल्ली आहे. पाचवा प्रकार अलीकडचा, आणि तो दिसतो चांगला: पराक्रमी अपंग. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. मुंबईचे दूरदर्शन केंद्र त्यानंतर दोन महिन्यांनी, २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. म्हणजे त्या दिवशी दाखवायला पडदा नव्हता हे मान्य. पण पडदा आल्यावरही त्यांची आठवण व्हायला किती काळ गेला? पद्मश्री २०१८ साली, चित्रपट २०२४ साली. २०२४ च्याच पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके मिळविली, त्यात सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्य होते. ही पदके टीव्हीवर दिसली याचा मला आनंद आहे. तथापि पदक न मिळालेल्या अपंगाचे काय? एसटीची पायरी ज्याला चढता येत नाही, तहसील कचेरीचा जिना ज्याला चढता येत नाही, त्याने आधी पोहण्यात जग जिंकून यावे काय? बाबासाहेबांची विद्वत्ता दाखवून "तुमच्यातलाही एक झालाच की" म्हणणारे लोक आपण पाहिले आहेत. एकाचे कौतुक करून लाखांचा हक्क बुडविण्याची ती तऱ्हा होती.

मग पडद्याने दाखवावे तरी काय? माझ्या मते पहिला प्रश्न काय दाखवावे हा नाही; कोणी दाखवावे, हा आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांचा झगडा कशासाठी होता? अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अस्पृश्यांचा आहे, यासाठी. जगभरच्या अपंगांच्या चळवळीचे सूत्र नेमके हेच आहे: आमच्याविषयी काहीही आमच्यावाचून नको. कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वावरतात. २०१४ साली 'यलो' हा मराठी चित्रपट आला. त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. मोठा नट तोंड वाकडे करून जे दाखवितो, त्यात आणि यात फरक आहे, तो पाहणाऱ्या पोरालाही कळतो. २०१२ साली 'सत्यमेव जयते' या मालिकेने १० जूनचा भाग अपंगांच्या प्रश्नाला दिला आणि ८ जुलैचा भाग अस्पृश्यतेला. एकाच पडद्यावर एका महिन्यात दोन्ही विषय आले, ही गोष्ट लहान नव्हे. अस्पृश्यतेच्या भागात बाबासाहेबांना त्यांची जागा मिळाली नाही, अशी टीका आपल्या लोकांनी तेव्हा केली, ती रास्तच होती. आता अपंगांनीही त्यांच्या भागाविषयी अशीच टीका केली तर आपण ती मोकळ्या मनाने ऐकून घेतली पाहिजे.

शब्दांविषयीही आपल्याला अधिकाराने बोलता येते. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदांत रूढ झाला. महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नावही तेच आहे, म्हणून अर्जावर तो लिहावा लागतो, लिहावा. पण अपंगांच्या काही संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला, तो मला पटतो. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. देवाचे नाव चिकटविल्याने विहीर खुली होत नाही, आणि दिव्य म्हटल्याने जिन्याशेजारी उतरण होत नाही. आणखी एक, जाताजाता: न्यायालयातील आम्ही वकील मंडळी विरुद्ध पक्षाच्या कैफियतीला सर्रास 'लंगडी सबब' म्हणतो. सबब खोटी असेल तर खोटी म्हणावी. लंगड्या माणसाने कोणते खोटे सांगितले आहे?

आता कायद्याकडे वळतो, कारण हातात शस्त्र नसता नुसते रागावून उपयोग नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. बरा झालेला कुष्ठरोगीही त्यात आहे. त्याचे ९२ वे कलम पाहा. अपंग व्यक्तीचा, लोकांच्या नजरेसमोर, पाणउतारा करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान केला वा धाकदपटशा केला, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, शिवाय दंड. ही शब्दयोजना कोठून आली? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमातून. शिक्षेची मुदतही तीच. आपल्या रक्ताने जो कायदा लिहिला गेला, त्याचा साचा दुसऱ्या एका अवमानित वर्गाच्या उपयोगी पडला, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु खोटी आशा दाखविणे वकिलाला शोभत नाही. या कलमाचा रोख प्रत्यक्ष व्यक्तीच्या अपमानावर आहे. मालिकेतील काल्पनिक पात्राने साऱ्या बहिऱ्यांची थट्टा केली, तर हे कलम लावणे सोपे नाही. ती उणीव काही अंशी ८ जुलै २०२४ च्या निकालाने भरून काढली. निपुण मल्होत्रा विरुद्ध सोनी पिक्चर्स या प्रकरणात 'आँख मिचोली' या चित्रपटाविरुद्ध तक्रार होती. सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती पारडीवाला यांनी चित्रपटावर बंदी घातली नाही. पण दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. हिणविणारे शब्द टाळा, जुनी ठोकळेबाज चित्रे काढू नका, अपंगांना देवही करू नका, आणि त्यांना विचारून लिहा. विनोदाबाबत न्यायालयाने केलेला भेद मला फार मार्मिक वाटतो: अपंगत्वाविषयीची समजूत बदलणारा विनोद वेगळा, आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद वेगळा. महारा-मांगांच्या बोलीची नक्कल करून हशा मिळविणारे जुने वगनाट्य आणि तोच साज वापरून सावकाराला हसणारा आपला जलसा, यांतील भेद ज्याला कळतो त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अपंगांची टवाळी करणाऱ्या काही विनोदी कलाकारांना जाहीर क्षमा मागण्याचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने दिला.

तक्रार करावयाची तर कशी? केबल दूरचित्रवाणी जाळे नियमांत कार्यक्रमसंहिता आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे, समाजातील गटांची निंदा करणारे कार्यक्रम तीत निषिद्ध आहेत. स्त्रियांचा, बालकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपंगांचा नाही, ही मोठीच त्रुटी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करावी. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय देणे वाहिनीवर बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील करावे, आणि त्याहीवर केंद्र सरकारची यंत्रणा आहे. वकील लागत नाही, मुद्रांक लागत नाही. कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्य एवढे लिहिले की पुरे. तक्रार करताना आणखी एक मागणी जोडावी: कर्णबधिरांसाठी खुणांची भाषा किंवा पडद्यावर अक्षरे. ही सोय २०१६ च्या कायद्याने सांगितली आहे आणि तिची मानके मंत्रालयाने २०१९ मध्ये ठरविली आहेत. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातम्या १९८७ मध्ये आल्या. रामायण आले त्याच वर्षी! बातम्यांसाठी आठवड्यातून काही मिनिटे आणि मंथरेसाठी रविवारची सारी सकाळ, असा तो हिशेब होता.

मघाच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आता एक निकाल सांगतो. पतन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, २७ एप्रिल २०२१. अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीवर बलात्कार झाला. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून साक्ष दुबळी, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि जन्मठेप कायम ठेवली. ती स्त्री होती, दलित होती, अंध होती. हे तीन अन्याय वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत मिसळून एकाच माणसावर कोसळतात, असे न्यायालयाने विस्ताराने सांगितले. आणि तरीही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा पुराव्याअभावी रद्द झाली. आपले प्रश्न जातीचे आहेत, दादा, हे खरे. पण जातीचा प्रश्न त्या मुलीपाशी आला, तेव्हा तो अंधत्वाचे बोट धरून आला.

म्हणून घरी जाल तेव्हा थोडी कामे करा. पाहुणे आले की अपंग मुलाला आतल्या खोलीत बसविण्याची चाल बंद करा. विहारात त्याला पुढच्या रांगेत बसवा. टीव्हीवर त्याच्यासारख्या माणसाला हसण्यावारी नेले, तर टीव्ही बंद करण्याऐवजी तेथल्या तेथे मुलांना सांगा की हे खोटे आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी शेकडा ५ अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्या रकमेचा हिशेब विचारा. शासकीय नोकरीत अपंगांसाठी शेकडा ४ जागा राखीव आहेत; १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेतच, तेव्हा आपल्या अपंग मुलाला ही दोन्ही आरक्षणे मागता येतात. एक मागितले म्हणून दुसरे जात नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली शेकडा ५० जागांचा हुकूम काढला, त्या मातीतल्या माणसाने जागा मागताना संकोच करू नये.

हे सारे प्रमाणपत्रावाचून अडते. अपंगत्व शेकडा ४० किंवा अधिक असल्याचा दाखला आणि ओळखपत्र ज्यांच्या घरी नाही, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी अर्जाचे नमुने आणले आहेत. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि डॉक्टरांचे जुने कागद असतील ते दाखवा. नसतील तरी या. ज्याच्यासाठी अर्ज आहे त्यालाच सोबत आणले असेल तर उत्तम. सही त्याची स्वतःची घेऊ, अंगठा असेल तर अंगठा.

जय भीम. नमो बुद्धाय.